टी१, टी२ आणि आता नवी मुंबई: तुमचं विमान नेमकं कुठून सुटणार?

प्रश्न असा आहे: आईवडील नागपूरहून मुंबईला येऊन त्याच रात्री लंडनला जाणार आहेत. तिकिटं दोन वेगवेगळी काढलेली आहेत. नागपूरचं विमान संध्याकाळी ७:४० ला मुंबईत टी१ वर उतरतं आणि लंडनचं रात्री १:५० ला टी२ वरून सुटतं. टर्मिनल बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि एवढा वेळ पुरेल का?

वेळ पुरेल. पण हिशोबाला बसण्याआधी लंडनच्या तिकिटावरची तारीख पाहा. रात्री १:५० ही वेळ पुढच्या तारखेत मोडते. नागपूरचं विमान १४ तारखेचं असेल तर लंडनच्या तिकिटावर १५ तारीख हवी. दोन्हीकडे १४ छापलेलं असेल, तर आईवडील मुंबईत उतरतील तेव्हा लंडनचं विमान जाऊन जवळपास १८ तास झालेले असतील. मुंबईहून युरोप-आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात, आणि या एका तारखेच्या घोळात चांगली शिकलेली माणसंही फसतात. '१५ तारीख, ००:३०' म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून निघायचं.

आता टर्मिनलांकडे वळू. बऱ्याच शहरांत टर्मिनल बदलणं म्हणजे एका लांबलचक व्हरांड्यातून चालत जाणं किंवा छोट्या गाडीत बसून पलीकडे उतरणं असतं. मुंबईत तसं नाही. टी१ आणि टी२ एकाच विमानतळाचे असले तरी प्रवाशाच्या दृष्टीने ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. टी१ पश्चिमेला, विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून. टी२ अंधेरी पूर्वेला सहारमध्ये. दोन्हींच्या मधून १४/३२ ही धावपट्टी जाते. त्यामुळे आतून चालत जायची वाटच नाही. एका टर्मिनलमधून पूर्ण बाहेर पडायचं, शहराच्या रस्त्याने किंवा मेट्रोने दुसरीकडे जायचं, आणि तिथे पुन्हा दारावरच्या तपासणीपासून सुरुवात करायची. हे स्वतंत्र प्रवासाचं काम आहे आणि त्याला वेळही तसाच धरायला हवा.

खरा गोंधळ मात्र जुन्या सवयीचा आहे. पूर्वी हिशोब सोपा होता: सांताक्रूझ म्हणजे देशातली विमानं, सहार म्हणजे परदेशातली. घरातली वडीलधारी माणसं आजही तसंच बोलतात आणि टॅक्सीवालेही 'डोमेस्टिक की इंटरनॅशनल?' असंच विचारतात. या प्रश्नाला त्याच भाषेत उत्तर देऊ नका. २०१४ साली सहारला नवीन टी२ सुरू झालं ते एकत्रित टर्मिनल म्हणूनच. परदेशातली सगळी प्रवासी विमानं तिथून जातात, आणि देशातलीही भरपूर जातात. टी१ वर मात्र फक्त देशांतर्गत. म्हणजे 'परदेशी असेल तर टी२' हे बरोबर, पण 'देशातलं असेल तर टी१' हे चूक. टॅक्सीत बसताना 'टी टू, सहार' किंवा 'टी वन, पार्ले' असं सांगा.

कोणती कंपनी कुठून, हे पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. एअर इंडिया टी२ वरून उडते एवढं पक्कं धरा. इंडिगोची काही उड्डाणं टी१ वरून आणि काही टी२ वरून असतात, त्यामुळे जाताना एक टर्मिनल आणि परत येताना दुसरं असं सहज होतं. ज्याने गाडी टी१ च्या वाहनतळात लावली आणि परतीला टी२ वर उतरला, त्याला हा फरक चांगलाच कळतो. शिवाय कंपन्या हंगामानुसार टर्मिनलं बदलतात. टी१ पाडून त्या जागी नवं टर्मिनल बांधण्याची योजना जाहीर झालेली असल्यामुळे पुढेही हे वाटप हलत राहणार. मित्राने गेल्या वर्षी सांगितलेलं टर्मिनल आज ग्राह्य धरू नका.

तिकिटावर पाहायच्या गोष्टी चारच आहेत. पहिली, विमानतळाचा तीन अक्षरी कोड. मुंबईचा जुना कोड बीओएम. हा 'बॉम्बे'वरून आलेला आणि शहराचं नाव बदललं तरी तोच राहिला. दुसरी, त्या कोडशेजारचा टी१ किंवा टी२. तिसरी, 'ऑपरेटेड बाय' या बारीक अक्षरांपुढचं नाव. तिकीट एका कंपनीच्या नावाचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असं भागीदारीत नेहमी चालतं. अशा वेळी टर्मिनल आणि चेक-इनचं काउंटर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचं असतं. चौथी गोष्ट, वर सांगितलेली तारीख. हे सगळं तिकीट काढताना एकदा, वेब चेक-इन करताना दुसऱ्यांदा आणि घरातून निघण्याआधी कंपनीच्या ॲपवर तिसऱ्यांदा पाहा. टर्मिनल बदलल्याचा संदेश कंपनी तिकिटाला जोडलेल्या मोबाइलवर पाठवते. तिकीट एजंटाने काढलं असेल आणि नंबर त्याने स्वतःचा दिला असेल, तर तो संदेश तुमच्यापर्यंत येत नाही. एजंटाकडून आजच नंबर बदलून घ्या.

चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर चूक दारातच कळते. सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतात आणि दुसऱ्या टर्मिनलचं तिकीट असेल तर परत पाठवतात. आत जाऊन काउंटरवर विनवणी करायची सोय नाही. तुमच्याकडे मग दोनच गोष्टी उरतात, घड्याळ आणि टॅक्सी.

टी१ ते टी२ रस्त्याने अंतर चार-पाच किलोमीटर. पहाटे तीनला पंधरा मिनिटांत पोचाल, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान महामार्गावर याला पाऊण तासही लागू शकतो. टी२ ला महामार्गावरून थेट वर चढणारा सहार उन्नत मार्ग आहे, तो थेट प्रस्थानाच्या मजल्याशी नेतो. रिक्षा त्या मार्गावरून जात नाही, खालच्या सहार रोडने येते आणि मग सामान घेऊन लिफ्टने वर जावं लागतं. त्यामुळे मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसं असतील तर टॅक्सीच घ्या. आणखी एक: टी१ वरून टी२ चं भाडं छोटं असतं आणि रांगेत तासभर उभा राहिलेला टॅक्सीवाला ते ऐकून तोंड वाकडं करतो. काउंटरवर प्रीपेड पावती फाडली किंवा ॲपवरून गाडी बोलावली, तर ही घासाघीस टळते. टर्मिनलांमध्ये जोडबसही असते, पण ती तुमच्या घड्याळावर चालत नाही. मिळाली तर ठीक.

मेट्रो ३ सुरू झाल्यापासून हलक्या सामानाच्या माणसाचं काम फार सोपं झालं आहे. या भुयारी मार्गावर टी१ आणि टी२ अशी दोन्ही स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड. वरच्या वाहतुकीशी हिला देणंघेणं नाही, हा तिचा मोठा गुण. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे चर्चगेट, सीएसएमटी किंवा दादरहून थेट विमानतळ गाठता येतो. घाटकोपर किंवा अंधेरीकडून येणाऱ्यांनी मेट्रो १ ने मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ घ्यावी. तिथून टी२ हे पुढचंच स्थानक. दोन अडचणी आहेत. स्थानकातही सामान तपासणी यंत्रातून जातं, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सुटतात. म्हणजे ज्या वेळी परदेशातली विमानं सर्वाधिक सुटतात, नेमकी त्याच वेळी मेट्रो झोपलेली असते.

आईवडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दोन वेगळ्या तिकिटांचा आहे. नागपूर-मुंबई-लंडन एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतं, तर नागपूरलाच बॅगा लंडनपर्यंत लागल्या असत्या आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी ठरली असती. वेगळ्या तिकिटांत यातलं काहीच नाही. नागपूरची कंपनी त्यांना मुंबईत सोडून मोकळी होते. लंडनच्या कंपनीला ते कुठून आले याच्याशी कर्तव्य नसतं. काउंटर बंद व्हायच्या आत आले नाहीत तर 'प्रवासी आला नाही' अशी नोंद होते आणि तिकिटाचे पैसे बहुतांशी बुडतात.

बॅग कुठपर्यंत लागली आहे हे ओळखायची खूण म्हणजे बॅगेच्या कागदी पट्टीवर मोठ्या अक्षरांत छापलेला कोड. नागपूरला सामान देताना त्यावर बीओएम दिसलं, तर बॅग मुंबईच्या पट्ट्यावरून स्वतः उचलायची आहे. एलएचआर, म्हणजे हीथ्रो, दिसलं तर उचलायची नाही. काउंटरवरची मुलगी तोंडाने काय म्हणाली यापेक्षा पट्टीवर काय छापलं आहे ते पाहा, आणि पावतीचा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून घ्या.

परत येतानाचा नियम वेगळा आहे. परदेशातून आल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम्स भारतातल्या पहिल्या विमानतळावर होतात. त्यामुळे लंडनहून मुंबईमार्गे नागपूरला येताना एकच तिकीट असलं तरी साधारणपणे बॅगा मुंबईत उचलून, कस्टम्समधून बाहेर काढून, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. पुढचं विमान टी२ वरूनच असेल तर ते तिथल्या तिथे उरकतं. टी१ वरून असेल तर पुन्हा टॅक्सी, पुन्हा दार, पुन्हा रांग. परतीसाठी शक्य तर एकाच तिकिटावर आणि टी२ वरूनच सुटणारं नागपूरचं विमान घ्या. चारदोनशे रुपये जास्त पडले तरी.

आता त्यांच्या संध्याकाळचा हिशोब मांडू. ७:४० ही उतरण्याची वेळ आहे, टर्मिनलबाहेर पडण्याची नव्हे. विमान जागेवर लागणं, टी१ वर बऱ्याचदा येणारी बस, मग सामानाचा पट्टा, असं धरून साडेआठला ते बाहेर येतील. टॅक्सी मिळून टी२ वर पोचायला साडेनऊ. लंडनचं काउंटर साधारण तीन तास आधी उघडतं, म्हणजे ११ च्या आगेमागे. बंद होतं विमान सुटण्याआधी ६० ते ७५ मिनिटं, कंपनीप्रमाणे. म्हणजे १२:३५ च्या आत ते काउंटरवर उभे असलेच पाहिजेत. नागपूरचं विमान दोन तास उशिरा आलं तरी गाडी निभते, अडीच तासांनंतर धाप लागते, आणि रद्द झालं तर सगळंच कोलमडतं. म्हणूनच त्याच दिवशीचं दुपारचं विमान मिळत असेल तर तिकीट बदला. टी२ वर चार तास जास्त बसावं लागेल, पण मधलं एखादं विमान हुकलं तरी मागून दुसरं असेल. वेगळ्या तिकिटांवर टर्मिनल बदलून परदेशी विमान पकडायचं तर चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवूच नये, आणि जून ते सप्टेंबर सहा तासांच्या खाली जाऊ नये.

पावसाळ्याचा उल्लेख उगाच नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकाच पट्टीवर काम चालतं. जोराचा पाऊस आला की विमानं वर घिरट्या घालतात, कधी अहमदाबादला वळवली जातात, आणि त्याचा फटका टी१-टी२ दोघांनाही सारखाच बसतो, कारण टर्मिनलं दोन असली तरी धावपट्ट्या त्याच. शिवाय दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर एकेक दिवस देखभालीसाठी दोन्ही पट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. तारीख बरीच आधी जाहीर होते आणि कंपन्या वेळा त्याप्रमाणे बदलतात. त्या दिवशीचं तिकीट असेल तर नवी वेळ पाहून घ्या.

व्हीलचेअर लागणार असेल तर ती दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी मागावी लागेल, निदान ४८ तास आधी. इथे एक खाच आहे जी सहसा कोणी सांगत नाही. टी१ चा मदतनीस त्यांना आगमनाच्या दाराबाहेर, फार तर टॅक्सीपर्यंत आणून सोडतो. टी२ ची व्हीलचेअर लंडनच्या कंपनीची, ती टी२ वर गेल्यावर मागायची. मधला प्रवास कोणाच्याच खात्यात नाही. तेवढ्यासाठी मुंबईतला एखादा भाचा-पुतण्या टी१ च्या बाहेर उभा करा. तो आत येऊ शकणार नाही, कारण तिकिटाशिवाय टर्मिनलमध्ये प्रवेश नाही. टी२ च्या दारापर्यंत मात्र सोबत जाईल.

टी२ मध्ये प्रस्थान सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि आगमन खाली. आणायला आलेल्या माणसाने वर गाडी नेली तर वाहतूक पोलीस थांबू देत नाहीत. देशांतर्गत आणि परदेशी प्रवाशांच्या वाटा आत वेगळ्या होतात. एकदा इमिग्रेशनचा शिक्का बसला की देशांतर्गत बाजूला बसलेल्या नातेवाईकाला भेटायला जाता येत नाही. डिजियात्राचा चेहरा दाखवून आत जायचा मार्ग फक्त देशांतर्गत प्रवासासाठी, म्हणजे नागपूरहून निघताना उपयोगी, लंडनला जाताना नाही. सुरक्षा तपासणीत परदेशी प्रवासासाठी हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतच चालते. साजूक तूप, लोणचं, चटणीची पातळ बरणी, सगळं त्यात धरलं जातं; ते मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र उलट, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. सुकं खोबरं घेऊच नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं आणि अडवलं जातं.

तपासणीनंतर गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चाल धरा. टी२ वर सारखी उद्घोषणा होत नाही, गेट बदललं तर ते पडद्यावरच दिसतं. ज्यांना 'नाव पुकारतील' अशी सवय आहे त्यांना हे बजावून सांगा. वेळ उरला तर भिंतींवरची 'जय हे' कलादालनाची दालनं बघण्यासारखी आहेत, खाणं मात्र घरचं नेलेलं बरं.

देशांतर्गत प्रवाशांसाठी टी२ वर एक विचित्र प्रकार असतो. एखादं विमान परदेशातून येऊन मुंबईमार्गे दुसऱ्या भारतीय शहरात जातं, किंवा देशातून निघून मुंबईमार्गे बाहेर जातं, आणि त्याच्या देशांतर्गत टप्प्याचीही तिकिटं विकली जातात. असं तिकीट हाती आलं तर तुम्ही देशातल्या देशात जात असूनही परदेशी प्रवाशांच्या बाजूने जाता आणि उतरल्यावर कस्टम्ससमोरून बाहेर येता. बोर्डिंग पासवर किंवा कपड्यावर 'डी' अक्षराची खूण दिली जाते ती याचसाठी. ती बाहेर पडेपर्यंत फेकू नका, नाहीतर 'मी परदेशातून आलोच नाही' हे पटवत उभं राहावं लागतं.

शेवटचा आणि सगळ्यात नवा घोळ नवी मुंबईचा. पनवेल-उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आणि त्याचा कोड एनएमआय आहे. तिकिटाच्या संकेतस्थळावर 'मुंबई' टाकलं की बीओएम आणि एनएमआय दोन्ही विमानतळांची उड्डाणं एका यादीत येतात, आणि स्वस्त दिसलं की बोट तिकडेच जातं. हे टी१-टी२ सारखं चार किलोमीटरचं प्रकरण नाही; सहारपासून उलवे तीस-पस्तीस किलोमीटरच्या पुढे आहे, खाडी ओलांडून. अटल सेतूने गेलात तर मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये, रिक्षा आणि दुचाकीला तिथे बंदी, आणि गर्दीच्या वेळी दीड-दोन तासांची तयारी हवी. पुणे, पनवेल, अलिबाग, कोकणच्या बाजूने येणाऱ्यांना हाच विमानतळ जवळचा पडेल. पण नागपूरहून एनएमआयला उतरून रात्री बीओएमवरून लंडन गाठायचं, असं तिकीट स्वस्तात मिळालं तरी काढू नका. तुमच्या आईवडिलांच्या नागपूरच्या तिकिटावर टी१ च्या आधी बीओएम लिहिलेलं आहे ना, एवढं एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.